उपदेश भाची करील

मी, या कागदाखाली सही करणारी, व्यवसायाने दंतवैद्य, आता निवृत्त, अविवाहित, वय एकोणऐंशी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व राजीखुशीने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. बायबलच्या बाबतीत माझी बुद्धी चळली आहे, असे माझ्या धाकट्या भावाचे जुने मत आहे. पण तो आमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, पाळक आहे, डॉक्टर नव्हे, म्हणून त्याचा दाखला जोडलेला नाही. याआधीची माझी मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती रागाच्या भरात केली होती.

कलम १. राहते घर, म्हणजे खालचा दवाखाना व वरच्या खोल्या, माझ्या भाचीला मिळावे. भाची म्हणजे याच भावाची एकुलती एक मुलगी. स्वयंपाकघराची खिडकी ढकलून उघडत नाही, जरा उचलावी लागते. दवाखान्याची जागा भाड्याने दे, असे तिचा बाप सुचवील. ऐकून घ्यावे, मान डोलवावी आणि मनाला येईल ते करावे. मी आयुष्यभर तेच केले.

कलम २. माझी सर्व हत्यारे पलीकडच्या गल्लीतल्या दंतवैद्याला द्यावीत. "बाईंचा हात जड आहे," असे तो माझ्या पेशंटना वर्षानुवर्षे सांगत आला. दाढ काढण्याचा मोठा चिमटा त्याला आठवणीने द्यावा. जड काय होते ते त्याला कळेल.

कलम ३. दवाखान्यातली खुर्ची मंडळीच्या पंचमंडळाला द्यावी. बैठकीत ज्या पंचाचे बोलणे आवरत नसेल त्याला तीत मागे रेलून बसवावे. गुण येतो. हे मी अनुभवाने लिहिते.

आमच्या घराण्यात दात वाईट, त्यामुळे या खुर्चीत सर्वांत जास्त वेळ माझ्या भावाने काढला. रविवारी तो व्यासपीठावरून सांगे की बायबलमध्ये प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिले आहे, बायकांनी सभेत गप्प राहावे. तिथे मी गप्प बसे. मग आठवड्यात कधीतरी त्याची दाढ ठणके, आणि तो गालात कापूस घालून, आ वासून माझ्यापुढे पडे. इथे तो गप्प बसे.

मी म्हणे, "अरे, त्याच पत्रात आधी पौल सांगतो की बाईनं प्रार्थना करताना, संदेश देताना डोकं झाकावं. गप्पच राहायचं तर झाकायचं कशाला? मनातल्या मनात संदेश द्यायचा का?"

तो "आँ, आँ" करी.

"दुखतंय?"

तो मान हलवी. दुखत नसे. उत्तर द्यायचे असे.

एकदा मी कापूस काढेपर्यंत थांबून फिबीचे विचारले. पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या शेवटी "मंडळीची सेविका" म्हणून हिची शिफारस आहे, आणि ते पत्र तिनेच नेले असे पुष्कळ जाणकार मानतात. "ती काय दारातूनच पत्र देऊन परत फिरली? तिथं कोणी अर्थ विचारला असेल तर?"

"ताई, पोस्टमन काय पत्राचा अर्थ सांगतो?"

"पोस्टमनला मंडळीची सेविका म्हणून कोणी ओळख लिहून देतं का?"

"चूळ भरू का?" त्याने विचारले. वादात अडला की तो चूळ भरतो.

कलम ४. पौलाच्या पत्रांवरची माझी सर्व पुस्तके पुढे जो कोणी या मंडळीचा पाळक होईल त्याला, किंवा जी कोणी होईल तिला, द्यावीत. कच्चा कागद तपासणाऱ्या वकीलबाईंनी "किंवा" वर पेन्सिलने खूण करून विचारले की हे चुकून राहिले का. नाही.

कलम ५. यात देण्यासारखे काही नाही. पण पुढचे कलम कशासाठी आहे ते वाचणाराला कळावे म्हणून लिहिते.

भाची धर्मशास्त्राची पदवी घेऊन आली, तीही वर्गात पहिली. तिच्या बापाने प्रमाणपत्र चौकटीत बसवून बैठकीच्या खोलीत लावले, आल्यागेल्याला दाखवले, आणि मुलीला मात्र व्यासपीठापाशी फिरकू दिले नाही. तिने इस्पितळात आजाऱ्यांसाठी प्रार्थना करण्याचे काम धरले. मी भावाला म्हटले, "म्हणजे आजाऱ्यांपुढे बाई बोललेली चालते. धडधाकट माणसांनाच सोसत नाही वाटतं." तो रागावला. ती मात्र बापाशी भांडली नाही. मला ते तेव्हा आवडले नव्हते.

मग त्याचे वरचे उरलेले दात काढावे लागले. कवळी रविवारपूर्वी बसायची होती, बसली नाही. मी मुद्दाम उशीर केला, असे पंचमंडळात अजून बोलतात. या कागदावर मी खोटे लिहिणार नाही: हिरडी खरोखर सुजली होती. पाळक बोलू लागला की नुसती हवा बाहेर येई. ज्येष्ठ पंच, म्हणजे आमचे लोखंडसामानाचे व्यापारी, यांना उपदेश वाचाल का म्हणून विचारले, तर त्यांचा चष्मा नेमका घरी राहिला.

भावाने मुलीच्या हातात आपला लिहिलेला उपदेश ठेवला. "व्याफपीठावर नाही," तो कसाबसा म्हणाला. "खाली उभी राहा. माझं लिहिलेलं वाच. तू फक्त माझं तोंड."

उपदेशाचा विषय होता उपासनेतली शिस्त. शास्त्रपाठासाठी त्याने करिंथच्या पत्रातल्या त्याच अध्यायातल्या बायकांपुरत्या दोन ओळींवर खूण केली होती. तिने अध्याय पहिल्यापासून वाचला. त्यात पौल तीन प्रकारच्या माणसांना गप्प राहायला सांगतो. परभाषेत बोलणारा, अर्थ सांगणारा कोणी नसेल तर. आधी बोलत असलेला, दुसऱ्याला काही सुचले तर. आणि मग बायका. पहिल्या दोघांबद्दल आमच्या मंडळीत कोणी अवाक्षर काढले नव्हते. लोक एकमेकांकडे पाहू लागले. मागच्या बाकावरच्या सुताराला हसू आवरेना, तो खोकल्याचे सोंग करू लागला.

मग तिने बापाचा उपदेश हाती घेतला आणि एक शब्द न गाळता वाचला. मला वाटले होते ती निदान तो भाग चुकवील. तिने चुकवला नाही. "देवाच्या घरात स्त्रीचा आवाज उठू नये," हे तिने स्वच्छ आवाजात, सर्वांकडे पाहत वाचले. सुताराचा खोकला थांबला. मी भावाकडे पाहिले. तो स्वतःच्या बुटांकडे पाहत होता.

कवळी बसवून झाल्यावर त्याने ती आरशात पाहिली. मग म्हणाला, "ताई, माझं लिहिलेलं मी कधी समोर बसून ऐकलं नव्हतं."

"मग? कसं वाटलं?"

"तिनं चांगलं वाचलं," तो म्हणाला. आणि चूळ भरली.

तेव्हापासून ती महिन्यातून एकदा बोलते, पण खालून. खाली बोलले तर ते दोन शब्द, वर बोलले तर उपदेश, हा भेद पौलाने कुठे लिहिला ते मला पुष्कळ शोधूनही सापडले नाही.

कलम ६. माझ्या अंत्यविधीचा उपदेश भाचीने करावा, आणि तो व्यासपीठावरून करावा. पाळकाने पहिल्या बाकावर बसावे. रडायला हरकत नाही. पंचमंडळ आडवे आले तर मला चर्चच्या देवळात न नेता सरळ दफनभूमीत न्यावे. उघड्यावर पौलाने कोणाला गप्प केलेले नाही. पण मला देवळातूनच जायचे आहे. माझा बाप्तिस्मा तिथे झाला, आईबाबांना तिथूनच नेले. हे एक कलम मी चेष्टेने लिहिलेले नाही.

कलम ७. भावाला मी काहीही ठेवलेले नाही. वकीलबाई म्हणाल्या की साक्षीदाराला वाटा घेता येत नाही, त्याच्या बायकोलाही नाही. म्हणून भावजयीला शिलाई मशीन मी आजच हाती दिले. भावाला कालच कच्चा कागद वाचायला दिला होता.

"मला काहीच नाही?" तो म्हणाला.

"नाही. मला तुझी सही हवीय."

"सही कोणाचीही चालते की."

"चालते. पण मला तुझी हवी."

सहाव्या कलमाशी तो अडला. "साक्षीदार फक्त तू सही केलीस एवढंच पाहतो हं, ताई. आत काय लिहिलंय त्याला तो बांधील नसतो."

"ते वकीलबाईंनी सांगितलं. पण साक्षीदार म्हणजे काय, हे तू व्यासपीठावरून त्यांच्याहून जास्त वेळा सांगितलं आहेस."

तो चूळ भरायला उठला नाही. उद्या येतो म्हणून गेला. आज आला आहे, समोर बसला आहे, आणि पेन माझ्याकडेच मागतो आहे.

वरील सर्व मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली.

ठिकाण: माझा दवाखाना, खालचा मजला
दिनांक: ११ ऑक्टोबर, सोमवार

(सही) मृत्युपत्र करणारी, दंतवैद्य

साक्षीदार पहिली: (सही) शेजारच्या औषधाच्या दुकानाची मालकीण

साक्षीदार दुसरा: (सही) मंडळीचा पाळक, मृत्युपत्र करणारीचा धाकटा भाऊ. वकीलबाईंची हरकत असतानाही स्वहस्ते लिहितो: कलम सहासाठी ताईने मरण्याची गरज नाही. येत्या रविवारी मुलगी व्यासपीठावरून उपदेश करील. माईक तिच्या उंचीला खाली करून घेतला आहे. ताईने वेळेवर यावे.