शेंदूर लागलेला हद्दीचा दगड

४ फेब्रु., मंगळ.
हायकोर्टाचा हुकूम आला. धरणात गाव गेलं, इथं मुदखेडकडं प्लॉट दिले, घरं बांधली, पण सनद आजवर न्हाई. पंचायतीनं तर अतिक्रमण म्हणून नोटीस चिकटवलेली. आता कोर्ट म्हणतं, मोजणी ऑफिसनं मोजून सनद द्यायचीच. ह्यांनी परत परत वाचून घेतला माझ्याकडून. आनंद व्हावा एवढी ताकदच उरली न्हाई. देवीपुढं साखर ठेवली. नारळ सनद हातात आल्यावर.

६, गुरु.
मोजणीदार आला. चहा दोनदा. तीन कोपऱ्यांचे दगड सापडले. चौथा म्हणजे आपली मरीआई. गल्लीत तापाची साथ होती तेव्हा शेजारच्या काशाबाईनं त्याला शेंदूर लावला. साथ गेली. तेव्हापासून दर मंगळवारी दिवा मी लावते. हद्दीचा दगड हाय हे कोणाच्या ध्यानात?
मोजणीदार चप्पल काढून पाया पडला अन् म्हणाला, "काकू, ही देवाची जागा. तुमच्या नावावर कशी लावू?"
हे म्हणाले, "साहेब, कोर्टाचा हुकूम हाय."
"मग मरीआईला पण एक नोटीस काढा म्हणावं कोर्टाला."
हसला. आम्ही न्हाई हसलो.

७, शुक्र.
वकिलांना फोन. म्हणाले, टाळायची नाटकं आहेत, लिहूनच द्या. हा फक्त हद्दीचा दगड, देवस्थान न्हाई. सही आम्हा दोघांची, शेजारी म्हणून काशाबाईची. मजकूर त्यांनीच पाठवला. झेरॉक्स, रिक्षाचा खर्च वहीत वेगळा मांडला.

१०, सोम.
हे सही करून मोकळे. मी काशाबाईकडं गेले.
"हाव का गं? तुझ्या घरापायी माझ्या देवीला दगड म्हणू? उद्या पोरांला ताप आला तर हा कागद उगाळून पाजशील?"
मग तिनंच प्यायला पाणी दिलं. निघताना म्हणाली, "आधी तू कर सही. तू केलीस तर मी अंगठा देते."
म्हणजे सगळं माझ्यावर.

११, मंगळ.
दिवा लावला. कागद तिच्यापुढं वाचायला घेतला. 'सदर दगड' एवढं वाचलं, पुढं जीभ वळेना. म्हटलं, आई, आम्हालाच उठवलं तर तुझ्यापुढं दिवा कोण... 
हे बाहेरून, "झाली का सही? तालुक्याची गाडी जाईल."
पेन आणायला म्हणून आत आले, अन् सही सोडून ही वही लिहीत बसले.