खाली मान घालून पळणारी

अण्णा, तुम्ही मला पळताना एकदाच पाहिलंत, आणि तेही धड पाहिलं नाहीत. मी कशी पळायचे हे तुम्हाला कुणी सांगितलंच नाही. सांगायला हवं होतं ते मीच, पण आपल्या घरात जेवताना बोलणं व्हायचं ते आमटीत मीठ जास्त झालंय का एवढ्यापुरतं, आणि ताटावरून उठलात की तुम्ही भिंतीला पाठ टेकून डोळे मिटायचात. म्हणून आज सांगते. आजच का, त्याचं कारण जरा हसण्यासारखं आहे, ते पुढे येईलच.

मी बुटकी. शाळेत पहिला बाक, प्रार्थनेच्या रांगेत सगळ्यांच्या पुढे, आणि शंभर मीटरसाठी उभी राहिले की शेजारच्या मुलीच्या खांद्याखाली माझं डोकं. खेळाचे सर मला नावाने हाक मारतच नसत, लवंगी म्हणत. मिरचीतली की फटाक्यातली, हे त्यांनी कधी स्पष्ट केलं नाही. उंच मुली सुटल्या की लगेच ताठ व्हायच्या आणि मग लांब लांब ढांगा टाकायच्या. मी ताठ होतच नसे. पिस्तूल वाजलं की जमिनीला छाती लागेल इतकी वाकून पुढे फेकली जायचे, आणि पावलं इतकी आखूड आणि इतकी भराभर पडायची की मैत्रिणी म्हणत, हिचं शिवणयंत्र सुरू झालं. हात कानापासून कमरेपर्यंत सपासप, जीभ दातांत धरलेली, ती किती वेळा चावली ते विचारू नका. आणि मान खाली. अगदी खाली, डोळे मातीत. लोकांना वाटायचं हे सगळं सरांनी शिकवलंय. पण ते मी येरवड्याला आपल्या गल्लीतच शिकले होते. आठवतं ना, समोरासमोरच्या घरांमध्ये कपडे वाळत घालायच्या दोऱ्या असायच्या. पकडापकडी खेळताना मोठी पोरं ओल्या लुगड्यांत गुरफटायची आणि मी वाकून खालून पार व्हायचे. सरांनी त्याला फक्त नियम लावून दिला. निम्म्या अंतरावर ते चुन्याची एक आडवी रेघ मारत. ती रेघ पायाखालून जाईपर्यंत वर बघायचं नाही. मान वर आली की छाती वर येते, छाती वर आली की वेग गेला, असं त्यांचं म्हणणं. उरलेल्या निम्म्यात उंच मुली माझ्या जवळ जवळ येत राहायच्या, पण तोवर फीत माझ्या छातीला लागलेली असायची.

आता हे तुमच्या घरात कसं चालावं? आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हापासून आपल्याकडे एकच नियम होता, कुणापुढे मान खाली घालायची नाही. रेशनच्या दुकानात नाही, हेडमास्तरांपुढे नाही. तुम्ही दिवसभर मार्केट यार्डात बटाट्याची पोती वाहायचात, मानेवरची कातडी टाचेसारखी घट्ट झालेली. पण घरी आलात की ताठ बसायचात, आणि रोज सकाळी मी शाळेला निघाले की हनुवटीखाली एक बोट लावून माझा चेहरा वर करायचात. बोलायचं काही नाही, फक्त बोट. त्या बोटाला मातीचा आणि बटाट्याचा वास यायचा. ते बोट लागल्याशिवाय मी उंबऱ्याबाहेर पडत नसे. एकदा गल्लीत मी सुरुवातीचा सराव करत होते, दोन्ही हात जमिनीला टेकवून, आणि तुम्ही कामावरून येताना थांबलात.

"कुणाच्या पाया पडतीस गं?"

मी म्हटलं, सरांनी सांगितलंय.

"मग सरांना सांग, आपल्यात हे चालत न्हाई."

आई दारातून हसली, मीही हसले. तेव्हा जर मी तुम्हाला खाली बसवून सांगितलं असतं की अण्णा, हे वाकणं नाही, हे सुटणं आहे, आणि माझ्याकडे उंची नाही म्हणून मला एवढं एकच येतं, तर पुढचं काहीच झालं नसतं. तुम्ही ऐकलं असतंत. तुम्हाला कुणी काही समजावून सांगितलं की तुम्ही फार मन लावून ऐकायचात, ही गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली.

मग निवड चाचणीचा दिवस. पहिल्या दोघी राज्याच्या स्पर्धेला जाणार होत्या, आणि राज्यात नंबर आला तर पोलिसात खेळाडूंच्या जागेवर भरती होते असं सर म्हणाले होते. आपल्या घरात त्या दिवसांत दुसरा विषय नव्हता. आईने तर खाकी साडी मला कशी दिसेल हेही बोलून दाखवलं होतं. तुम्ही आदल्या दिवशी म्हणालात, गाड्या लागल्यात, जमंल असं वाटत नाही. पण सकाळी तुमच्या डब्याच्या पिशवीत आई तुमचा पांढरा शर्ट घडी करून ठेवत होती, जयंतीला घालायचा तो. मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. मैदानावर मी दोरीच्या जवळच्या लेनमध्ये होते. पिस्तूल वाजतं, मी सुटते, आणि तशी मी त्याआधी कधी सुटले नव्हते आणि नंतरही नाही. उजवीकडे कुणाचं पाऊलसुद्धा वाजत नाही, सगळ्या मागे. मग माझी मान वर येते. चुन्याची रेघ अजून पुढे आहे आणि माझी मान वर आहे, छाती वर आहे, आणि दोन उंच मुली माझ्या उजवीकडून निघून जातात. मी तिसरी आले. दोरीपलीकडून तुमचा आवाज आलेला सगळ्यांनी ऐकला होता, "मान वर कर पोरी, वर बघ." असा आवाज की अख्खं मार्केट यार्ड वळून बघावं.

सर दोरीपाशी गेले. ते चिडले की आवाज चढवत नसत, उलट आणखी अदबीने बोलत.

"आपण वडील का? छान. निम्म्यापर्यंत ती पुढे होती. आपण हाक मारलीत आणि तिने ऐकली. आज्ञाधारक मुलगी आहे हो आपली."

तुम्ही आधी माझ्याकडे पाहिलंत, मग त्यांच्याकडे. आणि म्हणालात, "चुकलं, सर." मग तुमची मान खाली गेली. मी तुमच्या मागेच उभी होते. पांढऱ्या कॉलरच्या वर ती घट्ट झालेली कातडी मला दिसत होती. तुम्हाला मान खाली घातलेलं मी त्यापूर्वी फक्त पोत्याखाली पाहिलं होतं. बसमध्ये तुम्ही खिशातून कागदात बांधलेला गुळाचा खडा काढून माझ्या हातावर ठेवलात. जिंकल्यावर द्यायला आणला असणार. मी तो खाल्ला आणि आपण दोघं खिडकीबाहेर बघत घरी आलो.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही हनुवटीला बोट लावायचं बंद केलंत. मी उंबऱ्यापाशी थोडी रेंगाळायचे, तुम्ही चपलेचा अंगठा नीट करत बसायचात. मी पुढे पळणंही सोडलं, सरकारी कचेरीत कारकून झाले, वाईट काही झालं नाही. पण तुम्ही त्यानंतर माझ्या कुठल्याच कार्यक्रमाला आला नाहीत. मी नोकरीवर हजर झाले त्या दिवशी फाटकापर्यंत आलात आणि तिथूनच परत फिरलात. लग्नातसुद्धा मंडपात मागच्या खुर्च्यांपाशी. कुणी पुढे ओढलं की म्हणायचात, "मी जवळ आलो का हिचं बिघडतं, मी लांबच बरा." सगळे हसायचे आणि मीही हसायचे. मला वाटायचं, अण्णा चेष्टा करतात. आणि खरं सांगायचं तर मनातून मला ते पटलेलंच होतं, की तुमच्या हाकेनं माझं गेलं. सरांनीच सांगितलं होतं ना. तुमची नात बालवाडीत होती तेव्हा तुम्ही गेलात, तेही सगळे जेवायला बसले असताना, कुणाला हाक न मारता.

आता ते हसण्यासारखं कारण. ती नात आता खराडीला एका मोठ्या कंपनीत आहे. परवा त्यांच्याकडे फॅमिली डे होता आणि त्यात आयांची शर्यत. मी नाही म्हटलं, गुडघ्याला पट्टा आहे म्हटलं, पंचावन्न उलटून गेली म्हटलं. ती म्हणाली, "मम्मी, चिल ना, फक्त फन आहे." प्लास्टिकच्या हिरव्या गवतावर दोन कुंड्यांच्या मधलं अंतर, बाकीच्या आया हसत खिदळत उभ्या. आणि मी, काय झालं मला कुणास ठाऊक, दोन्ही हात जमिनीला टेकवले. शिट्टी झाली आणि अण्णा, ते सगळं आलं. ती आखूड पावलं, ते हात, जीभसुद्धा दातांत. निम्म्यापर्यंत माझ्या आसपास कुणी नव्हतं. मग गुडघा बोलला आणि नागपूरकडची एक उंच बाई पुढे गेली. दुसरा नंबर, स्टीलची बाटली मिळाली.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर लेकीने मोबाइलवर ते दाखवलं. मी कशी पळते हे मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. आमच्या वेळी कुठलं आलंय शूटिंग. चुडीदारातलं एक गाठोडं खाली मान घालून सुसाट येतं, आणि निम्म्याच्या जरा अलीकडे त्याची मान वर येते आणि डावीकडे वळते, थेट आपल्याकडे बघते. मी तिला विचारलं, इथे तू हाक मारलीस का?

"नाही गं. मी शूट करत होते, हाक कशी मारीन? तूच वर बघितलंस. मला शोधत होतीस."

मी आवाज मोठा करून परत लावलं. टाळ्या होत्या, हाक नव्हती.

ती तिच्या खोलीत निघून गेली आणि मी तिथेच बसून राहिले. मोबाइलवर जसं मागे-पुढे करतात तसं मी ते जुनं मैदान मनात मागे-पुढे करून बघायला लागले. इतकी वर्षं मी ते सरांच्या तोंडून ऐकल्यासारखंच आठवत आले होते, आधी हाक, मग मान. पण तसं नाहीये, अण्णा. आधी शर्ट दिसतो. दोरीपलीकडच्या गर्दीत, घडीच्या रेघा अजून न मोडलेला पांढरा शर्ट. मग तुमचा चेहरा, तोंड नुकतं उघडत असलेलं. मग आवाज. मान खाली असती तर मला शर्ट दिसलाच कसा असता?

हे सरांना सांगायला हवं, तर तेही आता नाहीत. तुम्हाला पाठवायला पत्ता नाही, म्हणून हा कागद मी गॅसच्या ओट्यावरच्या डब्याखाली ठेवून देईन आणि उद्या चहा करताना बहुधा फाडून टाकीन. पिशवीत शर्ट पाहिल्यापासून मी तुम्हालाच शोधत होते. तुम्ही हाक मारलीत तेव्हा मी तुमच्याकडेच बघत होते, अण्णा.