पहिल्या पेरावरचा अंगठा

तुमसर, रविवार, रात्र

नागपूरच्या लेकीनं पाठवलेल्या विजेच्या कुकरात आज पहिल्यांदा खिम्याचे गोळे केले. फुटाण्याचं पीठ घालून वळले, रस्स्यात सोडले, झाकण लावून बटण दाबलं. एकही गोळा फुटला नाही. मग खुश व्हायला हवं ना मी?

सासूबाईंना आता दिसत नाही. तरी स्वयंपाकाच्या वेळी त्या दाराशी खुर्ची ओढून बसतात आणि बोटांच्या पेरांवर शिट्ट्या मोजतात. मी कधी मोजतच नाही. "बस व, बंद कर आता," असा त्यांचा आवाज आला की मी गॅस बंद करते.

आजही बसल्या होत्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "शिट्टी काहून नाही होऊन राहिली? गॅस संपला का?"

"आई, याले शिट्टीच नाही. हा आपल्या मनानंच बंद होते."

"असं का," म्हणाल्या. अंगठा पहिल्याच पेरावर टेकलेला. तो त्यांनी हळूच मुठीत घेतला.

तो अंगठा काही डोळ्यांसमोरून हलत नाही.

जेवताना म्हणाल्या, गोळे मस्त नरम झाले. मग हात धुता धुता, "उद्या वरन कायच्यात लावशीन व?"

"जुन्याच कुकरात," मी पटकन म्हटलं.

जुना कुकर तर मी सकाळीच, त्यांना न सांगता, माळ्यावर टाकला होता. आत्ता तो उतरवायला गुपचूप स्टूल सरकवला, तर त्यांच्या खोलीतून आवाज आला, "सांभाळून चढ व. तो स्टूल हालते."