चूक वर्गात, माफी व्हरांड्यात

सोलापूर,
रविवार, ३० नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास,
सविनय जय भीम.

तुझं पत्र परवा मिळालं. म्हणजे माझंच पत्र, तुझ्या लाल शाईसह परत आलेलं. नऊ रेघा आहेत. आठ मान्य. नववी ‘मी वर्गातल्या सगळ्या मुलांशी सारखीच वागते’ या वाक्याखाली आहे आणि समासात तू नेहमीचा एकच शब्द लिहिला आहेस, ‘कशावरून?’ त्याचं उत्तर या पत्रात द्यायचं ठरवलं आहे. जमेलच असं नाही.

इकडे सगळे ठीक. दादांची, तुझ्या भावाची, रक्तदाबाची गोळी बदलली. ते तुला फोन करत नाहीत ते रागाने नव्हे, तुला ऐकू जात नाही आणि मग त्यांना मोठ्याने बोलावं लागतं, शेजारी ऐकतात म्हणून. कानाच्या यंत्राचं काय झालं ते कळव. तुमच्या केमला थंडी पडली असेल, इथे दुपारी अजून पंखा लागतो.

शाळेचं विचारलं होतंस. नववी ब मला आवडते. इतिहास असो, भूगोल असो की राज्यशास्त्र, मी शिकवते ते तुझंच आहे. दम्यामुळे चौथीपर्यंत मी घरीच, तुझ्या हाताखाली होते. अंगणवाडीतून तू दमून यायचीस आणि मी काहीही सांगितलं की हात धुता धुता विचारायचीस, कशावरून? कुणी सांगितलं? त्याला कुणी सांगितलं? मला वाटतं समाजशास्त्र एवढंच आहे. बाकी सनावळ्या पुस्तकात असतातच. पोरं मला ‘कशावरून मॅडम’ म्हणतात. परवा शिपाईमामा घंटा झाली म्हणून सांगायला आले तर मागच्या बाकावरून आवाज आला, ‘कशावरून?’ मामा बिचारे घंटा दाखवायला निघाले.

वर्गात खिळ्याला एक वही टांगली आहे, चुकांची. ज्याची चूक त्याने स्वतःच्या हाताने लिहायची. काय चुकलं, कशावरून कळलं आणि खाली नाव. माझ्याही तीन नोंदी आहेत त्यात. एकदा सन चुकला, एकदा नकाशात दिशा, एकदा तालुका. त्या तीन नोंदींचा मला अभिमान होता. आता ती वही बघवत नाही. सोप्या चुका लिहायला काय लागतं.

मधे एक प्रकल्प दिला होता. घरच्या थोराला विचारून आपल्या गल्लीची एखादी जुनी रीत लिहायची, सांगणाऱ्याचं नाव घालायचं. तक्ता मीच तयार केला. पहिलाच रकाना ‘घरातील ज्येष्ठ व्यक्तीचे नाव’. फार छान लिहिलं मुलांनी. फिरदोस नावाच्या मुलीने नळाच्या रांगेबद्दल लिहिलं. पूर्वी त्यांच्या गल्लीत एकच नळ. रांगेत बाईऐवजी फुटकी घागर ठेवली तरी ती बाई मानायचे, पण ज्या घरात बाळंतीण असेल तिथली घागर विचारल्याशिवाय पुढे सरकवायची. कुणी लिहिलेला कायदा नव्हता, मोडायची मात्र कुणाची हिंमत नव्हती. आणि एक वाक्य होतं, ‘पाणी यायच्या आधी नळ शिंकायचा, म्हणून पहिल्या नंबरची बाई तोंड बाजूला करून उभी राहायची.’ मी ते दोनदा वाचलं.

मग अंकिताची वही उघडली. तोच नळ, तीच बाळंतीण, तीच शिंक. सांगणाऱ्याचं नाव मात्र तिच्या मंद्रूपच्या आजीचं.

पुढचं मला पटापट लिहू दे. गुरुवारी, वीस तारखेला, दोन्ही वह्या घेऊन मी वर्गात गेले, फिरदोसला उभं केलं, तिच्या पानावर लाल शाईने आडवं ‘नक्कल’ लिहिलं आणि शून्य दिलं. ती काहीतरी बोलू पाहत होती. वर्ग इतका शांत होता, आत्या. एरवी नववी ब अशी शांत होत नाही. ती शांतता मला आवडली, हे तुला सांगायलाच हवं. फिरदोस दुसऱ्या दिवशी आली नाही. मला वाटलं, ताप असेल.

बुधवारी संविधान दिन झाला. परिपाठाला उद्देशिका मीच वाचून घेतली. ‘दर्जाची व संधीची समानता’ म्हणताना आवाज चढवला. तासानंतर अंकिता शिक्षकखोलीच्या दाराशी आली आणि रडायला लागली. तिच्या घरी ती आणि आई, दोघीच. आई गणवेशाच्या कारखान्यात शिलाईला जाते. घरी थोर कुणी नाही. म्हणून ती फिरदोसच्या दादीकडे गेली, रुक्साना दादींकडे. दादी दखनीत सांगत होत्या, फिरदोस त्याचं मराठी करत होती आणि दोघी लिहून घेत होत्या. पण तक्त्यात ‘घरातील’ होतं. दुसऱ्याच्या घरची दादी लिहिली तर गुण जातील म्हणून तिने आपल्या आजीचं नाव टाकलं. म्हणजे मराठीत नळ शिंकवला तो फिरदोसनेच.

तो तक्ता मी केला होता. मला तू होतीस, म्हणून प्रत्येकाच्या घरात कुणीतरी असतंच असं मी धरून चालले.

बिराजदार सरांना, आमच्या मुख्याध्यापकांना, लगेच सांगितलं. चुकांच्या वहीत लिहिते, फळ्यावरही लिहिते, असं मी म्हणाले. त्यांनी मला बसवलं, चहा मागवला. माणूस वाईट नाही. त्यांचं म्हणणं, मुलीला ऑफिसात बोलवा, चार शब्द बोला, गुण द्या, विषय संपवा. फळ्यावर लिहिलं की कुणीतरी मोबाइलवर फोटो काढणार आणि तो पालकांच्या गटात फिरणार. माझी शिक्षणसेवकाची तीन वर्षं जूनमध्ये संपतात. कायम करायचा प्रस्ताव पुढच्या महिन्यात जातो. “मॅडम, मी तुमच्याच भल्याचं सांगतोय,” म्हणाले. ते खरंच होतं, म्हणून जास्त त्रास झाला.

शुक्रवारी मी फिरदोसच्या घरी जाऊन माफी मागितली. नवी पेठेच्या मागे त्यांची गल्ली आहे. दादींनी चहा दिला, खारी दिली, माझी माफी माझ्या आधीच आवरून घेतली. मास्तरीनबाई घरी आल्या याचाच त्यांना आनंद. फिरदोस आतल्या दारात उभी होती. मी म्हटलं, तुझे गुण दिले आहेत, उद्या ये. ती म्हणाली, “मॅडम, तुम्ही ते वर्गात बोलला होता.” बस. अंकिता सांगते, ती अब्बांना म्हणाली आहे की शाळा नको, शिलाई शिकते.

शनिवारीही ती आली नाही.

आता तुझ्या नवव्या रेघेचं. दोन वह्या सारख्या निघाल्या, तर नक्कल कुणाची हे मला कसं कळलं? कशावरून? मी अंकिताला विचारलंही नाही. अंकिताचं मराठी नेहमी स्वच्छ असतं. फिरदोसच्या वाक्यात ‘मेरे कू’ घुसतं. त्या दिवशी उभं करून मी तिला जे विचारलं ते मी वर गाळलं आहे. मी म्हटलं, “हे तू लिहिलंस? इतकं चांगलं मराठी तुला कुठून आलं?”

तुला आठवलं असेल. मी पाचवीत शाळेत पहिल्यांदा बसले, निबंध लिहिला आणि गुरुजींनी मला उभं करून हेच विचारलं होतं. हे तू लिहिलंस? तुमच्याकडे एवढं चांगलं कोण लिहून देतं? ‘तुमच्याकडे’ म्हणजे कुठे, ते वर्गातल्या सगळ्यांना कळलं होतं. दुसऱ्या दिवशी तू आलीस. मला त्यांच्यासमोर बसवून नवा निबंध लिहायला लावलास. त्यांनी वाचला आणि तुला बाहेर नेऊन हळू आवाजात चुकलं म्हणाले. तू मात्र हळू बोलली नाहीस. “वर्गात पोरीला खोटं पाडलं, आन् खरं मला हितं व्हरांड्यात सांगताय व्हय?” ते आत गेलेच नाहीत. मी वर्षभर त्यांच्या तासाला हात वर केला नाही.

दादींच्या घरी माफी मागतानाही मी व्हरांड्यातच उभी होते.

उद्या सोमवार. पहिला तास नववी ब. काय करायचं ते मला माहीत आहे. दादांना काही सांगितलेलं नाही. नोकरी कायम होणार म्हणून ते सगळ्यांना सांगत फिरत आहेत.

मंगळवार, २ डिसेंबर

पत्र टाकलं नव्हतं, पुढे लिहिते.

काल फळ्याच्या डाव्या अर्ध्या भागावर लिहिलं. ‘२० नोव्हेंबरला मी फिरदोसवर नक्कल केल्याचा आरोप केला. तो खोटा होता. लेखन तिचे आहे. मी चौकशी केली नाही.’ खाली नाव, तारीख. नंतर वहीतही उतरवलं. अंकिताने आपली नोंद आपणहून केली, तक्त्याबद्दलची मी केली. वाटलं, झालं. तेवढ्यात प्रतीक्षा उभी राहिली. फार सरळ मुलगी आहे. “मॅडम, चौकशी केली नाही ठीक आहे. पण फिरदोसच का वाटली तुम्हाला?”

अडीच वर्षं हा प्रश्न मीच शिकवत आले. चुकवता आला असता. मी म्हटलं, तिचं मराठी इतकं चांगलं असेल असं मला वाटलं नव्हतं.

 मग आतिफ, जो वर्गाला हसवत असतो, बसल्या जागेवरून म्हणाला, “मंजे माझंबी न्हाई वाटत की.” तो हसत नव्हता. मी ते वाक्यही फळ्यावर माझ्या चुकीखाली लिहिलं. दुसरं काय करावं सुचलं नाही.

दुपारी बिराजदार सरांनी बोलावून लेखी खुलासा मागितला. माझ्याकडे बघितलं नाही. फळ्याचा फोटो त्यांच्याकडे पोचला होता. प्रस्तावाचं मी विचारलं नाही, त्यांनी काढलं नाही. दादांना रात्रीच्या जेवणाआधी सगळं सांगितलं. ते म्हणाले, भीमाला कळव, म्हणजे तुला. मग जेवले नाहीत.

फिरदोस काल आली नाही. आजही नाही. पण आज शाळा सुटताना रुक्साना दादी फाटकाशी उभ्या होत्या, बुरखा सावरत, एवढ्या उन्हात चालत आलेल्या. अंकिताने त्यांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं होतं. दादी आत यायला तयार नव्हत्या. निरोप तेवढा दिला. “मिटाना नक्को बोली उने. कल आके खुद पढती बोली.”

मी वर धावले. गणिताच्या सरांचा तास झालेला होता. फळा पुसलेला असणार म्हणून दारातच थांबले. उजव्या अर्ध्या भागात त्यांची गणितं होती, बारीक अक्षरात, कोंबून कोंबून लिहिलेली. डावा अर्धा भाग तसाच होता. पोरांनी डस्टर लपवून ठेवलं होतं म्हणे.

उद्या बुधवार. मी लवकर जाणार आहे. ती आली तर कुठे बसेल, मी नाव घेतल्यावर ‘हजर’ म्हणेल का, आणि म्हणाली तरी हात पुन्हा वर करेल का, यातलं मला काहीच माहीत नाही. कशावरून सांगू?

हे पत्र तपासून परत पाठव. फक्त एका वाक्यावर शाई घालवू नकोस, ‘शुक्रवारी मी फिरदोसच्या घरी जाऊन माफी मागितली’ या. त्याखाली रेघ मीच मारली आहे.

उद्याच्या हजेरीला घाबरलेली
तुझी
बुद्धप्रिया