आक्काच्या वेणीचे माप

टिळकवाडी, १४ नोव्हेंबर १९४४

"धर गं, ताणून धर," आक्का म्हणाली. मी दोरा तिच्या वेणीला लावला. शेवटची गाठ आणि वेणीचे टोक पुन्हा एकाच जागी, कमरेशी. दाजी लढाईवर गेल्यापासून तिने केसांना कात्री लावलेली नाही. दर महिन्याला माप, दोऱ्यावर गाठ. वेणी वाढते आहे तोवर ते सुखरूप, हे तिच्या मनाने घेतलेले. वर्षभर गाठ पुढे सरकली नाही. वर्षभर त्यांचे पत्रही नाही.

"वाढ थांबली. मला कळायचं ते कळलं."

मी शाळेत शिकवते तेच सांगितले. प्रत्येक केसाची काही वर्षे ठरलेली. तेवढी वाढून तो गळतो, जागी नवा येतो. म्हणून कुणाचीच वेणी एका लांबीपुढे जात नाही.

"तुझ्या पुस्तकाला काय ठावं गं?"

मग मी तिचा गुंतवळाचा डबा काढला. विंचरताना गळलेला एकही केस तिने सुयांच्या बदल्यात केस नेणाऱ्या सुया-दाभणवालीला दिलेला नाही. त्यातला एक सोडवून वेणीशी धरला. तेवढाच लांब.

"ह्यो तुटला न्हाय, आक्का. पुरता वाढून गळला. आणि कपाळावरचे हे बारके बघ, नवे आलेत."

ती तो केस बोटाला गुंडाळत राहिली.

मी सांगितले ते खरे. पण त्यातून दाजी जिवंत आहेत असे थोडेच ठरते? आणि त्यांनी पाहिलेले बरेच केस आता त्या डब्यात असतील. ते मी बोलले नाही.

बुधवार, सकाळ. आक्काने दोरा घेतला, गाठी न मोजता त्यानेच वेणीचे टोक बांधले आणि पाण्याला गेली.