रेडकाचे गार पाय

मंगळवार, संध्याकाळ. पोलादपूर

मी चुकले नव्हते, हे आधी लिहून ठेवते.

आज कापडे गावात सुमनकाकूंची म्हैस विताना अडली होती. रेडकू ओढून काढलं तेव्हा श्वास नव्हता, हिरड्या पांढऱ्या, पाय गार. ज्यांच्या हाताखाली मी शिकते ते मोठे डॉक्टर हात धुवायला उठले. "पाय गार पडलेत. मेलंय ते. सोड."

गार पाय म्हणजे मरण? कोणी ठरवलं? रक्तातला प्राणवायू घटला की मानेतल्या धमनीजवळच्या बारीक गाठींना ते कळतं. मग पायांच्या, कातडीच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, उरलेलं रक्त हृदयाला आणि मेंदूला पुरावं म्हणून. म्हणजे ते अजून झगडत होतं. छातीवर हात ठेवला. ठोका होता, मंद.

"राहू दे गो बाय, नाय जगायचं ते," काकू म्हणाल्या. मी ऐकलं नाही. नाक साफ केलं, नाकपुडीत गवताची काडी फिरवली, गोणपाटाने अंग चोळत राहिले. किती वेळ, कोण जाणे. शेवटी ते शिंकलं.

"नशीब तुझं," डॉक्टर म्हणाले.

"नशीब नाही सर, रक्तवाहिन्या," मी तोंडावर म्हटलं.

ते जीपमध्ये जाऊन बसले. बसू देत. रेडकू उभं राहून आचळाला लागेपर्यंत मी गोठ्यातून हलले नाही.