मुळाची स्लाइड

दि. ११ नोव्हेंबर, मंगळवार

प्रिय चिमट्या,

अनेक आशीर्वाद. या नावाने तुला ओळखणारं शाळेत आता माझ्याशिवाय कोणी उरलं नाही. खिशाला चिमटा अडकवून हिंडणारा सहायक या प्रयोगशाळेत पुन्हा आलाच नाही. आई ठीक आहे. कानाचं यंत्र काढून उशीखाली ठेवते आणि घरात कोणी बोलत नाही म्हणून माझ्यावर ओरडते. तुझं पत्र आलं का, हे रोज विचारते. मी रोज तेच उत्तर देते.

शाळेचं म्हणशील तर दमले आहे रे. तीन तुकड्या, साठ-साठ मुलं आणि धड चालणारे सूक्ष्मदर्शक चार. परवा एका मुलीने वीस मिनिटं डोळा लावून चित्र काढलं. पाहिलं तर हवेचा बुडबुडा! काळी गोल कड, आत काही नाही. तिने मात्र त्यात केंद्रकही काढलं होतं.

"केंद्रक कुठे दिसलं गं तुला?"

"बाई, पुस्तकात आहे ना."

पूर्वी यावर मी अर्धा तास बोलले असते. पुस्तक काय म्हणतं, बाई काय म्हणतात ते सोडा, काचेवर काय आहे ते सांगा. ज्याला स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा नाही, त्याच्या मानेवर कोणीही जू ठेवतो! ते भाषण तुला पाठ आहे. मागे उभा राहून तू माझ्याबरोबर ओठ हलवायचास, मला दिसायचं. परवा मी नुसतं "पुन्हा बघ" म्हणाले आणि खुर्चीत बसले.

त्या दिवशी सकाळीच मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावलं होतं. तू ज्या महाविद्यालयात सहायकाच्या जागेसाठी अर्ज केलास, तिथून पत्र आलं आहे. तुझ्या सेवापुस्तकात सहा वर्षांपूर्वीचा 'निष्काळजीपणा' हा शेरा आहे. तो कितपत खरा, एवढंच त्यांना हवं आहे. त्यावर तुझी जागा अडली आहे. बाई म्हणाल्या, "तुम्ही विभागप्रमुख, तुम्हीच लिहा दोन ओळी. सांभाळून लिहा, भाऊ आहे तुमचा."

तासनतास बोलणारी मी, त्या दोन ओळींपाशी अडले.

ती प्रात्यक्षिक परीक्षा तू विसरला नसशील. आईच्या शस्त्रक्रियेसाठी तू रजेवर होतास. स्लाइड तेलकट झाल्या होत्या, म्हणून मी अख्खा ट्रे साबणाच्या पाण्यात टाकला. लेबलं सुटून तरंगायला लागली. अंदाजाने परत चिकटवली, त्यात मुळाच्या छेदावर खोडाचं लेबल गेलं आणि खोडाच्या छेदावर मुळाचं. आदल्या दिवशी उजळणीत मुलांनी क्रम पाठ केला : तिसरी खोडाची. परीक्षेत नावं झाकायला लेबलांवर आकडे चिकटवलेले. ज्यांनी खरोखर भिंगातून पाहिलं, त्या अकरा जणांनी 'मूळ' लिहिलं. मी हातातली यादी बघून त्या अकरांचे गुण कापले. एकदाही डोळा लावला नाही. पाहा, पाहा म्हणून घसा कोरडा करणारी मी!

पालक आले, चौकशी बसली. तेव्हाच्या मुख्याध्यापक सरांनी विचारलं, "लेबलं कोण लावतं?"

मी म्हणाले, "लेबलं तोच लावतो."

वाक्य खरं होतं. एरवी तूच लावायचास. असल्या खऱ्या वाक्यांनी जेवढी माणसं बुडाली, तेवढी खोट्यांनी बुडाली नसतील. तू दाराशी उभा होतास. "काही सांगायचंय?" सरांनी विचारलं. तू माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालास, "नाही सर." शेऱ्याखाली सही केलीस. मुलांना गुण परत मिळाले. दोन महिन्यांत तू गाव सोडलंस.

चूक नेमकी कोणाची हे कळायला मार्गच नव्हता, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. या पत्राचा पहिला मसुदाही तसाच होता. फाडला.

मार्ग होता. चौकशीच्या संध्याकाळीच मी ती स्लाइड भिजवून लेबल काढलं. काचेच्या कोपऱ्यात हिऱ्याच्या टोकाने कोरलेलं, तांदळाएवढं अक्षर : 'मू'. दुसरीवर 'खो'. ट्रेमधल्या प्रत्येक काचेवर असंच. लेबल सुटलं तरी अडू नये म्हणून तू हे करून ठेवलं होतंस. म्हणजे तुझं चुकलं नव्हतं, अदलाबदल माझ्याच हातून झाली. मला कधी सांगितलंही असशील. मी बोलत असेन, ऐकलं नसेल. एक काच दाखवली असतीस तर तू सुटला असतास आणि मी अडकले असते. तू दाखवली नाहीस. आणि मी, सगळं कळल्यावर, त्या अक्षरावर नवं लेबल दाबून बसवलं आणि कपाटाला कुलूप लावलं.

आज दोन्ही स्लाइड बाईंच्या टेबलावर नेल्या आणि त्यांच्यासमोर लेबलं सोलली. त्या म्हणाल्या, "अहो, सहा वर्षं झाली. तुमची नोकरी राहिली दीड वर्ष. कशाला उकरता?"

"लिहून घ्या," मी म्हणाले. मग मीच लिहिलं : लेबलं मी लावली, खरं त्याच दिवशी समजलं, आणि लपवलं. नक्कल सोबत जोडली आहे. मूळ कागद उद्याच्या टपालाने महाविद्यालयात जाईल. माझं विभागप्रमुखपद जाणार, चौकशीही बसेल. बसू दे. जागा तुलाच मिळेल असं वचन मात्र मी देऊ शकत नाही.

आईलाही सांगितलं. ती म्हणाली, "म्हणून येत नाही होय तो."

क्षमा मागत नाही. मागितली की तू "जाऊ दे ताई" म्हणशील. लहानपणापासून तेच म्हणत आलास आणि मी प्रत्येक वेळी जाऊ दिलं. या वेळी म्हणू नकोस. रागाचं पत्र लिही, चांगलं चार पानी. मी शेवटपर्यंत वाचेन, मध्ये बोलणार नाही.

तुझा शब्द ऐकायला थांबलेली,
ताई